इंग्रजी रिपोर्टेड स्पीचमधले काळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायरेक्टचं इनडायरेक्ट करण्याचा तक्ता बहुतेकांना तोंडपाठ असतो. तरीही 'सेड'च्या पुढे 'इज' लिहावं की 'वॉज', इथे पेन थबकतंच. तक्ता काय करायचं ते सांगतो. का करायचं, आणि कधी नाही केलं तरी चालतं, हे सांगत नाही. खाली भर आहे तो या दोन गोष्टींवर.

मुळात काळ बदलायचा कशाला? मराठीत तर आपण बदलत नाही.

सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

समजा, मीनाने फोनवर सांगितलं, "द रोड इज क्लोज्ड." महिन्याभराने ती गोष्ट आपण दुसऱ्या कुणाला तरी सांगतो. मराठीत म्हणू, "मीना म्हणाली की रस्ता बंद आहे." हा 'आहे' आजचा नाही. मीना बोलत होती त्या घडीचा आहे. मराठी ऐकणारा नकळत त्या घडीला जाऊन उभा राहतो आणि तिथून काळ मोजतो. रस्ता मधल्या काळात केव्हाच खुला झाला असला तरी आपलं वाक्य चुकत नाही.

इंग्रजीत सांगणारा आपली जागा सोडत नाही. तो आजच्या दिवसावर उभा राहून मागे पाहतो. मीनाचं बोलणं मागे गेलं, आणि त्या बोलण्यातला बंद रस्ताही तिच्याबरोबर मागे गेला. म्हणून "मीना सेड दॅट द रोड वॉज क्लोज्ड."

आता उलटं करून पाहा. मराठीत "मीना म्हणाली की रस्ता बंद होता" असं म्हटलं, तर अर्थच फिरतो: ती बोलली त्याच्याही आधी कधीतरी तो बंद होता. इंग्रजीत त्यासाठी आणखी एक पाऊल मागे जावं लागतं: "मीना सेड दॅट द रोड हॅड बीन क्लोज्ड."

म्हणजे 'म्हणाली की'च्या पुढे मराठीत 'आहे' असेल तर इंग्रजीत 'वॉज', 'होता' असेल तर 'हॅड बीन', 'होईल' असेल तर 'वुड बी'. ही तीन रूपं पक्की बसली की तक्त्यातल्या बाकीच्या ओळी आपोआप सुचतात. रशियन आणि जपानी भाषाही या बाबतीत मराठीसारख्याच वागतात, त्यामुळे तिथले विद्यार्थीही नेमके इथेच अडखळतात.

'बॅकशिफ्ट' म्हणतात ते हेच का?

हो. क्रियापदाचा काळ एक पायरी मागे सरकणं म्हणजे बॅकशिफ्ट. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन (1860–1943) यांच्या इंग्रजी व्याकरणविषयक लेखनात हा शब्द आढळतो. जुन्या व्याकरणांत याच विषयाला 'सीक्वेन्स ऑफ टेन्सेस' म्हणतात. ते नाव लॅटिन व्याकरणातून आलं आहे.

कोणता काळ कशात बदलतो, ते एकदा सरळ सांगा.

'सेड', 'टोल्ड', 'आस्क्ड' असं भूतकाळी क्रियापद पुढे असताना:

- साधा वर्तमानकाळ साधा भूतकाळ होतो. "आय नो हिम" याचं "शी सेड शी न्यू हिम."
- चालू वर्तमानकाळ चालू भूतकाळ होतो. "आय अ‍ॅम रीडिंग" याचं "शी सेड शी वॉज रीडिंग."
- पूर्ण वर्तमानकाळ पूर्ण भूतकाळ होतो. "आय हॅव फिनिश्ड" याचं "शी सेड शी हॅड फिनिश्ड."
- 'हॅव बीन वेटिंग'चं 'हॅड बीन वेटिंग' होतं.
- साधा भूतकाळ पूर्ण भूतकाळ होतो, निदान पुस्तकात तरी. "आय लॉस्ट द की" याचं "शी सेड शी हॅड लॉस्ट द की." यावर पुढे बोलू.
- पूर्ण भूतकाळ तसाच राहतो. 'हॅड'च्या मागे सरकायला इंग्रजीत पायरीच नाही.
- 'विल'चं 'वुड' होतं.

'ही सेड' ऐवजी 'ही सेज' असेल तर?

मग काही सरकत नाही. "आय अ‍ॅम टायर्ड" याचं "ही सेज ही इज टायर्ड." सांगणारा आणि बोलणारा एकाच वर्तमानात आहेत, तेव्हा मागे पाहायचं कारणच उरत नाही. 'ही विल से'च्या पुढेही तसंच, आणि 'ही हॅज सेड'च्या पुढेही सहसा तसंच. सर्वनाम मात्र बदलतंच. 'आय'चा 'ही' झाला, तो काळामुळे नव्हे, बोलणारा बदलला म्हणून.

पत्र, पाटी, सूचना, नकाशा यांच्याबद्दल बोलताना इंग्रजीत 'सेज'च येतं, कारण मजकूर अजून समोर आहे: "द नोटीस सेज दॅट द ऑफिस ओपन्स अ‍ॅट टेन." निरोप सांगायला लावतानाही हेच: "टेल हर दॅट आय अ‍ॅम बिझी."

सार्वकालिक सत्य असेल तर काळ बदलायचाच नाही, हे खरं ना?

अर्धं खरं. शाळेत हा नियम इतका ठासून सांगितला जातो की "द टीचर सेड दॅट द अर्थ वेंट राउंड द सन" हे वाक्य चूकच मानलं जातं. ते चूक नाही. वर्तमानकाळ अधिक स्वाभाविक वाटतो, एवढंच. बॅकशिफ्ट केल्याने पृथ्वी फिरायची थांबली असा अर्थ कुठलाही इंग्रजी वाचक लावत नाही. शिक्षकांचं विधान मागच्या काळातलं आहे, इतकंच त्यातून कळतं.

या नियमाच्या पोटात खरी गोष्ट निराळी आहे. 'सेड'नंतर वर्तमानकाळ ठेवला की सांगणारा त्या विधानाला आपली संमती जोडतो. कोपर्निकसचा ग्रंथ 1543 मध्ये छापला गेला. त्याच्याबद्दल आपण लिहू, "कोपर्निकस सेड दॅट द अर्थ गोज राउंड द सन." त्याचं म्हणणं आपल्यालाही मान्य आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला टॉलेमी मात्र नेमकं उलटं सांगत होता. त्याच्याबद्दल "टॉलेमी सेड दॅट द सन गोज राउंड द अर्थ" असं लिहिलं, तर वाचक चमकेल: हे लिहिणाऱ्यालाही खरं वाटतं की काय? म्हणून तिथे "टॉलेमी सेड दॅट द सन वेंट राउंड द अर्थ." टॉलेमीच्या दृष्टीने तेही सार्वकालिक सत्यच होतं. पण काळ ठरतो तो सांगणाऱ्याच्या दृष्टीने.

सार्वकालिक नाही, पण गोष्ट अजून तशीच आहे. मग?

दोन्ही चालतं, पण अर्थाची छटा बदलते. "रवी सेड ही लिव्ह्ज निअर द रिव्हर" म्हणजे रवीने सांगितलं तेव्हा तो तिथे राहत होता आणि आजही राहतो. "रवी सेड ही लिव्हड निअर द रिव्हर" म्हणजे तेव्हा राहत होता. आजबद्दल हे वाक्य काही बोलत नाही.

भाषाशास्त्रात पहिल्या प्रकाराला 'डबल अ‍ॅक्सेस' म्हणतात. नाव भारदस्त आहे, गोष्ट सोपी: 'सेड'च्या पोटातला 'इज' दोन घड्यांना एकाच वेळी लागू पडावा लागतो, बोलण्याच्या घडीला आणि सांगण्याच्या घडीला. एकाही ठिकाणी तो खोटा पडला तर वाक्य खटकतं. म्हणून मीनाच्या रस्त्याबद्दल महिन्याने बोलताना 'इज' चालत नाही. तेच, मीनाने फोन ठेवला आणि शेजारच्याने लगेच विचारलं, "व्हॉट डिड शी से?", तर "शी सेड द रोड इज क्लोज्ड" हेच उत्तर तोंडातून येईल. रस्ता अजून बंदच आहे, आणि आपल्याला आत्ता त्यावरून जायचंय.

संशय असला की मात्र हमखास मागे सरकावं. "ही सेड ही वॉज अ डॉक्टर" या वाक्यात सांगणाऱ्याने हात झटकलेले आहेत: तो म्हणाला बुवा, खरं-खोटं मला माहीत नाही. 'इज' वापरला असता तर थोडी जबाबदारी आपल्यावरही आली असती. पोलिसांचे जबाब, बातम्या, तक्रारअर्ज अशा ठिकाणी हा फरक चांगलाच महत्त्वाचा ठरतो.

साध्या भूतकाळाचा दर वेळी 'हॅड' करायलाच हवा का?

नाही. तक्त्यातली ही ओळ सर्वांत जास्त पाठ केली जाते आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी पाळली जाते. घटनांचा क्रम आपोआप कळत असेल, तर इंग्रजी बोलणारे साधा भूतकाळ खुशाल तसाच ठेवतात. "आय सोल्ड द कार इन मार्च" याचं "ही सेड ही सोल्ड द कार इन मार्च" हे सहज ऐकू येतं. विकणं बोलण्याच्या आधीचं, हे 'मार्च'ने सांगून टाकलंय. 'हॅड'ला नवीन सांगायला काही उरत नाही.

काही ठिकाणी तर 'हॅड' घातल्यावर वाक्य अवघडून जातं:

साल किंवा ऐतिहासिक घटना असेल तेव्हा. दुसरं महायुद्ध 1945 मध्ये संपलं. "शी सेड दॅट द वॉर एंडेड इन 1945" हेच बरं. 'हॅड एंडेड' चूक नाही, पण त्याची गरज कुणालाच नाही.

'व्हेन', 'व्हाइल', 'सिन्स' यांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यात. "व्हेन आय वॉज अ चाइल्ड, आय प्लेड हिअर" याचं "ही सेड दॅट व्हेन ही वॉज अ चाइल्ड, ही हॅड प्लेड देअर." मुख्य क्रियापद सरकलं, 'व्हेन'च्या पोटातलं जागेवर राहिलं. 'व्हेन ही हॅड बीन अ चाइल्ड' असं लिहिणारे फक्त उत्तरपत्रिकेत भेटतात.

चालू भूतकाळाचंही असंच. 'वॉज स्लीपिंग'चं 'हॅड बीन स्लीपिंग' व्याकरणात बसतं, पण बहुतेक जण 'वॉज स्लीपिंग'च ठेवतात.

आता 'हॅड' टाळता येत नाही ती जागा. 'बी', 'नो', 'लिव्ह', 'हॅव' यांसारखी स्थिती दाखवणारी क्रियापदं असली की धोका असतो. "शी सेड शी वॉज इल" ऐकणारा काय समजेल? बोलली तेव्हाच ती आजारी होती, असं. तिने "आय वॉज इल" म्हणजे 'मी आजारी होते, आता बरी आहे' असं सांगितलं असेल, तर हा अर्थ हरवला. इथे "शी सेड शी हॅड बीन इल" हवंच. "शी सेड शी लॉस्ट द की"मध्ये हा धोका नाही, कारण हरवणं ही एका क्षणात घडून गेलेली गोष्ट आहे. थोडक्यात, 'हॅड' काढला तर अर्थ ढळतो का, एवढं पाहावं.

'हॅड हॅड' असं दोनदा येऊ शकतं?

येऊ शकतं आणि ते बरोबर आहे. "आय हॅड अ फीव्हर" याचं "शी सेड शी हॅड हॅड अ फीव्हर." पहिला 'हॅड' मदतनीस, दुसरा मूळ क्रियापदाचं तिसरं रूप. कानाला खटकत असेल तर बोलताना पहिला आखडता घ्यावा: "शी सेड शी'ड हॅड अ फीव्हर." हे 'ड' मात्र फसवं आहे. 'हॅड'चंही 'ड' होतं आणि 'वुड'चंही. पुढे तिसरं रूप आलं तर 'हॅड', मूळ रूप आलं तर 'वुड'.

'कॅन', 'मे', 'शॅल' यांचं काय?

'कॅन'चं 'कुड'. इथे वाद नाही.

'मे' शक्यता दाखवत असेल तर 'माइट': "इट मे रेन" याचं "ही सेड इट माइट रेन." परवानगी असेल तर 'कुड' जास्त ऐकू येतं: "यू मे लीव्ह" याचं "शी सेड आय कुड लीव्ह."

'शॅल' भविष्य सांगत असेल तर 'वुड'. तो विचारणा करत असेल, म्हणजे "शॅल आय ओपन द विंडो?" असं असेल, तर 'शुड': "ही आस्क्ड इफ ही शुड ओपन द विंडो."

आणि 'मस्ट'?

हा सगळ्यांत चिवट, कारण त्याला स्वतःचं भूतकाळी रूपच नाही. म्हणून आधी तो कशासाठी आला आहे ते पाहावं लागतं.

बंधन किंवा निकड असेल तर 'हॅड टू': "आय मस्ट गो" याचं "ही सेड ही हॅड टू गो." बंधन पुढच्या काळातलं असेल तर 'वुड हॅव टू'ही चालतं. अंदाज असेल तर 'मस्ट' जागचा हलत नाही: "यू मस्ट बी टायर्ड" याचं "शी सेड आय मस्ट बी टायर्ड." इथे 'हॅड टू बी टायर्ड' केलं तर 'मला दमणं भाग होतं' असा काहीतरी विनोदी अर्थ निघतो. कायमचा नियम सांगायचा असेल तरीही 'मस्ट' राहू शकतो.

नकारात जास्त जपावं. 'मस्ट नॉट' ही मनाई आहे. तिचं 'डिड नॉट हॅव टू' करू नये. त्याचा अर्थ 'गरज नव्हती' असा होतो. "यू मस्ट नॉट टच इट" याचं "ही सेड आय मस्ट नॉट टच इट" किंवा सरळ "ही टोल्ड मी नॉट टू टच इट." 'डिड नॉट हॅव टू' शोभतं ते 'नीड नॉट'च्या जागी.

'वुड', 'कुड', 'शुड', 'माइट' आधीच असतील तर?

तसेच ठेवा. 'ऑट टू', 'यूज्ड टू', 'हॅड बेटर' हेही तसेच. 'कुड हॅव', 'शुड हॅव' यांनाही हात लावू नये.

'इफ'च्या वाक्यांत गोंधळ होतो.

खरी शक्यता असेल तर दोन्ही बाजू सरकतात. "इफ इट रेन्स, आय विल स्टे होम" याचं "ही सेड दॅट इफ इट रेन्ड, ही वुड स्टे होम."

निव्वळ कल्पना असेल तर काहीच सरकत नाही. "इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ बोट" याचं "ही सेड दॅट इफ ही हॅड मनी, ही वुड बाय अ बोट." इथला 'हॅड' दिसायला भूतकाळ, पण तो काळ दाखवतच नाही, पैसे नाहीत हे दाखवतो. जे काळ दाखवत नाही ते मागे सरकवायचं कसं? ओढूनताणून 'इफ ही हॅड हॅड मनी, ही वुड हॅव बॉट' केलं तर निराळंच वाक्य तयार होतं: तेव्हा पैसे असते तर बोट घेतली असती, आता संधी गेली. आणि मूळ वाक्यच असं 'हॅड' आणि 'वुड हॅव'चं असेल तर तेही जसंच्या तसं राहतं.

यातून एक अडचण उरते, ती इंग्रजीलाही सोडवता आलेली नाही. "ही सेड दॅट इफ इट रेन्ड, ही वुड स्टे होम" यावरून तो 'पाऊस आला तर राहीन' म्हणाला की 'आला असता तर राहिलो असतो, पण येणार नाही' म्हणाला, हे कळायला मार्ग नाही. संदर्भच सांगेल.

'विश' आणि 'इट्स टाइम' यांच्या पुढचा भूतकाळही असाच कल्पनेतला. "आय विश आय न्यू" याचं "शी सेड शी विश्ड शी न्यू." 'विश' सरकला, 'न्यू' नाही.

प्रश्न रिपोर्ट करताना काळाचे नियम वेगळे आहेत का?

काळाचे नियम तेच, पण वाक्याची घडी बदलते आणि चुका त्या घडीत होतात. प्रश्न पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, साधं वाक्य होतो. कर्ता आधी, क्रियापद नंतर, 'डू-डज-डिड' हद्दपार, प्रश्नचिन्हही नाही.

"व्हेअर डू यू लिव्ह?" याचं "शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्हड." 'डू' गेला आणि भूतकाळाचा भार 'लिव्ह'ने उचलला. 'व्हेअर डिड आय लिव्ह' लिहिलं की दोन चुका एकदम होतात: प्रश्नाची रचना तशीच राहते आणि 'डिड'ही उगाच मुक्काम करतो.

"डिड यू लॉक द डोअर?" यात 'डिड' आधीच भूतकाळी, म्हणून एक पायरी मागे: "ही आस्क्ड मी इफ आय हॅड लॉक्ड द डोअर." हो-नाही प्रश्नाला 'इफ' किंवा 'व्हेदर' लागतं, दोन्ही चालतात, लेखी भाषेत 'व्हेदर' जरा नीटनेटका वाटतो.

आपल्याकडून हमखास होणारी चूक म्हणजे 'आस्क्ड दॅट व्हाय'. मराठीत "त्याने विचारलं की तू का आलास" असा 'की' सहज येतो, तोच 'दॅट' बनून इंग्रजीत शिरतो. 'व्हाय', 'व्हेअर', 'व्हेन', 'हाऊ', 'इफ' यांतलं काही आलं की 'दॅट'ला जागा नाही.

'हू' स्वतःच कर्ता असेल तर शब्दक्रम मुळातच सरळ असतो: "हू ब्रोक द विंडो?" याचं "शी आस्क्ड हू हॅड ब्रोकन द विंडो."

आज्ञा आणि सूचना यांत कोणता काळ?

कोणताच नाही, आणि म्हणून हा भाग सर्वांत सोपा. "सिट डाउन" याचं "ही टोल्ड मी टू सिट डाउन." नकार असेल तर 'नॉट टू'. "विल यू हेल्प मी?" ही विनंती असेल तर 'इफ आय वुड'च्या भानगडीत न पडता "शी आस्क्ड मी टू हेल्प हर."

'सजेस्ट'ला मात्र ही रचना चालत नाही. 'ही सजेस्टेड मी टू गो' हे चूक. "ही सजेस्टेड दॅट आय गो" किंवा "दॅट आय शुड गो." यातला पहिला 'गो' मूळ रूपातच राहतो, 'सजेस्टेड' भूतकाळी असूनही त्याचं 'वेंट' करत नाहीत.

'टुमॉरो', 'यस्टरडे', 'नाऊ' हे शब्द नेहमी बदलायचे का?

घड्याळ पाहून ठरवा. सकाळी कुणी म्हणालं, "आय विल कॉल टुमॉरो," आणि आपण त्याच संध्याकाळी ते सांगत असू, तर 'टुमॉरो' अजून तोच दिवस आहे: "ही सेड ही वुड कॉल टुमॉरो." इतकंच काय, फोन अजून यायचा आहे म्हणून 'विल'ही चालेल. आठवड्याने सांगत असू तर 'द नेक्स्ट डे'. 'यस्टरडे'चं 'द डे बिफोर', 'अगो'चं 'बिफोर' किंवा 'अर्लिअर', 'नाऊ'चं 'देन', 'टुडे'चं 'दॅट डे', हे सगळे याच न्यायाने.

'हिअर'चं 'देअर' तेव्हाच, जेव्हा सांगणारा त्या जागी नाही. त्याच खोलीत उभं राहून सांगत असाल तर 'हिअर'च ठेवा. 'कम'चं 'गो' आणि 'ब्रिंग'चं 'टेक' होतं तेही जागेमुळे, काळामुळे नाही.

'सेड' की 'टोल्ड'?

ऐकणारा सांगायचा असेल तर 'टोल्ड मी'; नसेल तर 'सेड'. 'सेड मी' नाही. 'सेड टू मी' व्याकरणात बसतं, पण रिपोर्ट करताना 'टोल्ड मी' सुटसुटीत. काळावर दोन्हींचा परिणाम सारखाच. 'दॅट' गाळला तरी काळ बदलत नाही.

परीक्षेत 'दोन्ही चालतं' असं लिहिता येत नाही. मग काय लिहू?

तक्त्याप्रमाणे लिहा. साध्या भूतकाळाचं 'हॅड' करा, 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' करा, विज्ञानातलं सत्य आणि रोजची सवय असेल तर वर्तमानकाळ ठेवा. तक्त्यातली रूपं सहसा चुकीची नसतात, फार तर कधी ताठर वाटतात, आणि तपासणाऱ्याच्या हाती तोच तक्ता असतो. पर्यायी प्रश्नांत मात्र आधी पुढचं क्रियापद पाहा. 'सेज' दिसला तर सरकलेले सगळे पर्याय एका फटक्यात बाद होतात.

एक वाक्य जमतं. अख्खं भाषण किंवा लांब संवाद कसा सांगायचा?

दर वाक्याला 'ही सेड' लावायची गरज नसते, आणि तिथेच बॅकशिफ्टची किंमत कळते. हे पाहा: "द मॅनेजर सेड दॅट सेल्स हॅड फॉलन. द कंपनी वुड क्लोज टू ऑफिसेस. नो वन वुड लूज देअर जॉब." दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात 'सेड' कुठेच नाही. तरी ती विधानं मॅनेजरची आहेत हे 'वुड'वरून कळत राहतं. तिथे 'विल' टाकून पाहा: "नो वन विल लूज देअर जॉब." आता हे आश्वासन लिहिणाराच देतोय. इतिवृत्त किंवा बातमी लिहिताना एवढ्याशा फरकाने दुसऱ्याचा शब्द आपल्या गळ्यात पडतो.

लांब कथनात दर क्रियापदाला 'हॅड'ही लावत नाहीत. सुरुवातीला एक-दोनदा 'हॅड' वापरून मागचा काळ ठरवून द्यायचा, मग साध्या भूतकाळात चालू लागायचं. "शी सेड शी हॅड मिस्ड द ट्रेन. शी वॉक्ड टू द बस स्टॉप अँड वेटेड अ‍ॅन अवर." पुन्हा सांगणाऱ्याच्या काळात यायचं तेव्हा 'नाऊ' किंवा नवं 'सेड' आणायचं.

इनडायरेक्टवरून पुन्हा डायरेक्ट करता येतं का?

करता येतं, पण मूळ वाक्य नेमकं मिळेलच असं नाही. "ही सेड ही हॅड सीन हर" याच्या मागे "आय सॉ हर", "आय हॅव सीन हर" आणि "आय हॅड सीन हर" अशी तीन वाक्यं असू शकतात. सरकताना तिघंही एकाच पायरीवर येऊन थांबली आहेत. वाक्यात 'द डे बिफोर' असेल तर 'सॉ' धरा, कारण 'यस्टरडे'बरोबर 'हॅव सीन' चालत नाही. 'ऑलरेडी' किंवा 'नेव्हर' असेल तर 'हॅव सीन' बहुधा बरोबर. 'बाय देन'सारखं काही असेल तर 'हॅड सीन'. यांतलं काहीच नसेल तर 'सॉ' लिहून मोकळं व्हावं. बोलण्यात तेच सर्वांत जास्त येतं.